मृत्युपत्राविना वारसा : मुंबई इलाख्यातील मयूख परंपरा आणि कन्येचा हक्क

प्रस्तावना

१९५२ साली एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. त्यांची पहिली पत्नी १९३० मध्येच निवर्तली होती. तिच्या दोन मुलींपैकी एक १९४९ मध्ये मरण पावली. वडिलांच्या पश्चात दुसरी पत्नी, तिची मुलगी आणि पहिल्या पत्नीची हयात असलेली मुलगी असे तिघे उरले. दुसऱ्या पत्नीने १९५६ मध्ये मृत्युपत्र करून सर्व मिळकत आपल्या मुलीस दिली आणि १९७३ मध्ये तिचेही निधन झाले. पहिल्या पत्नीच्या मुलीने १९८७ मध्ये निम्म्या हिश्श्याचा दावा दाखल केला. दोन न्यायालयांनी तो फेटाळला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या दाव्यातील मूळ कायदेशीर प्रश्नाचे उत्तर दिले. १९५६ पूर्वी वडील वारले असतील आणि त्यांच्या पश्चात विधवा हयात असेल, तर कन्येस वारसाहक्काने मर्यादित किंवा पूर्ण असा कोणताही हक्क मिळत नाही, असे ते उत्तर होते.

मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी वारस कोण हे ठरावे, ही घटना वरवर पाहता न्यायदानातील दिरंगाईचा नमुना वाटेल. परंतु हा निर्णय समजून घ्यावयाचा झाल्यास इतिहासात बरेच मागे जावे लागते. विशेष असे की, हिंदू स्त्रीच्या वारसाहक्काच्या बाबतीत मुंबई इलाखा हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वांत उदार प्रांत मानला जात होता. मग उदार म्हणून नावाजलेल्या या परंपरेत कन्येच्या हाती प्रत्यक्षात काय पडत होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विज्ञानेश्वर, नीळकंठ आणि जन्माने मिळणारा हक्क

प्राचीन धर्मशास्त्राला मृत्युपत्र ही कल्पनाच परकी होती. मनुष्याने आपल्या मरणानंतर मिळकतीची वाट कशी लावावी हे तो स्वतः ठरवीत नसे. ते शास्त्र आणि कुलाचार ठरवीत. म्हणजे आज ज्यास आपण ‘विनामृत्युपत्र वारसा’ असे अपवादात्मक नाव देतो, तोच त्या काळी वारसा होता. हिंदूंच्या मृत्युपत्रांना सविस्तर कायद्याची चौकट मिळाली ती १८७० च्या अधिनियमाने, आणि मुंबई इलाख्यात तीही प्रथम मुंबई शहरापुरतीच.

याज्ञवल्क्यस्मृतीत अपुत्र मृताच्या वारसांचा क्रम दिला आहे. प्रथम पत्नी, नंतर मुली, मग आईवडील, भाऊ, भावांचे पुत्र, गोत्रज, बंधू आणि शेवटी शिष्य व सहाध्यायी असा तो क्रम आहे. कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६), विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पत्नी व कन्या यांचे स्थान ठामपणे मान्य केले. तथापि हा क्रम केवळ ‘विभक्त’ पुरुषाच्या मिळकतीस लागू होता. एकत्र कुटुंबात पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र यांना जन्मतःच मिळकतीत हक्क प्राप्त होतो. त्यांच्यापैकी एक मेला तर त्याचा हिस्सा कोणाकडे ‘जात’ नाही. उरलेल्यांचे हिस्से तेवढे मोठे होतात. पुढे इंग्रज न्यायाधीशांनी यास उत्तरजीवित्वाचे तत्त्व म्हटले. जेथे हे तत्त्व लागू होते तेथे वारसाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि वारसाचा प्रश्न उद्भवत नाही तेथे कन्येचा क्रमांक दुसरा आहे की दहावा, याला अर्थ उरत नाही. पुढील आठशे वर्षांच्या इतिहासात कन्येस नडले ते बहुतांशी हेच.

सतराव्या शतकात काशीच्या भट्ट घराण्यातील नीळकंठाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. हे घराणे मूळचे पैठणचे. याच घराण्यातील गागाभट्टाने १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. नीळकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’त दोन भेद महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे मातापित्यांपैकी मिताक्षरा आईस अग्रक्रम देते, तर मयूख वडिलांस. दुसरा भेद अधिक दूरगामी ठरला. बहीण ही त्याच गोत्रात जन्मलेली असल्याने तिला गोत्रज मानून नीळकंठाने पितामहीनंतर तिचे स्थान निश्चित केले. विवाहाने गोत्र बदलते, परंतु जन्म बदलत नाही, असा या युक्तिवादाचा रोख आहे. काशीस बसून लिहिलेल्या या ग्रंथाला काशीत मिळाले त्याहून अधिक प्रामाण्य गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मिळाले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि रत्नागिरी या भागांत मात्र मिताक्षरेचे स्थान पहिले आणि मयूखाचे दुय्यम राहिले.

पेशवाईत प्रत्यक्ष तंटे गोतसभेपुढे किंवा मजालसीपुढे चालत आणि महजर होई. तेथे ग्रंथाइतकेच वजन गावच्या वहिवाटीला आणि साक्षीदारांच्या आठवणीला असे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारख्या वतनांत तर भाऊबंद हाच खरा पक्षकार. मुलगी सासरी गेली की ती वतनाच्या हिशेबातून गेली, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

१८२७ ते १८८६ : न्यायालयांचे औदार्य आणि त्याची मर्यादा

१८२७ हे वर्ष या विषयात आश्चर्यकारकरीत्या भरगच्च आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील विनियम त्या वर्षी जारी झाले. चौथ्या विनियमाच्या २६ व्या कलमाने सांगितले की, पार्लमेंटचा कायदा किंवा विनियम नसेल तेथे देशाची वहिवाट पाहावी आणि वहिवाट सिद्ध होत नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा लावावा. वहिवाटीला शास्त्राच्या आधी स्थान देणारा हा क्रम बंगालमधील व्यवस्थेहून निराळा होता. त्याच वर्षी बोराडेल याने केलेले व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आर्थर स्टील याने पुण्याच्या शास्त्र्यांना आणि निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांना विचारून तयार केलेले दख्खनच्या जातिनियमांचे संकलनही त्याच वर्षीचे. एका हाताने पोथी भाषांतरित होत होती आणि दुसऱ्या हाताने वहिवाट लिहून काढली जात होती. पुढील चाळीस वर्षांत या दोहोंपैकी पोथी जिंकली, कारण न्यायाधीशास पोथीचे पान उघडून दाखवता येई. वहिवाट दर खेपेस पुराव्याने शाबीत करावी लागे.

१८६४ पर्यंत न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. वारस कोण, असा प्रश्न न्यायाधीश त्यांना लेखी विचारी आणि ते व्यवस्था लिहून देत. ती पदे १८६४ च्या अधिनियमाने रद्द झाली. इलाख्याच्या जिल्हा न्यायालयांत साठलेल्या या व्यवस्था वेस्ट आणि ब्यूलर यांनी एकत्र केल्या. त्यांच्या संग्रहाचा वारसाविषयक पहिला भाग १८६७ मध्ये निघाला. मृताची बहीण एका बाजूस आणि लांबचा भाऊबंद दुसऱ्या बाजूस, किंवा मुलगी एका बाजूस आणि पुतण्या दुसऱ्या बाजूस, हा प्रसंग त्यात अनेक रूपांत भेटतो. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या संग्रहाकडे कायद्याचे पुस्तक म्हणून बाजूस सारण्याऐवजी घराघरांतील तंट्यांची नोंदवही म्हणून पाहावयास हवे होते. तसे फारसे झालेले नाही.

१८६४ मध्येच विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मयूखाच्या आधारे बहिणीचा वारसाहक्क मान्य केला. इतर बहुतेक प्रांतांत बहीण वारसच नव्हती, किंवा अगदी दूरची होती. तिला निश्चित स्थान मिळण्यास तेथे १९२९ चा अधिनियम उजाडावा लागला. १८८० मध्ये लल्लूभाई विरुद्ध कासीबाई या खटल्यात गोत्रजांच्या विधवांनाही मुंबईच्या वहिवाटीनुसार वारस मानले गेले. आणि १८८६ मध्ये भागीरथीबाई विरुद्ध कान्होजीराव या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरविले की, वडिलांकडून कन्येस मिळालेली मिळकत ती पूर्ण मालकीने घेते. बंगाल व मद्रासेत कन्येची मालकी तिच्या हयातीपुरती असे. ती मेली की मिळकत तिच्या वारसांकडे न जाता पुन्हा वडिलांच्या वारसांकडे जाई. मुंबईत ती मिळकत तिची स्वतःची झाली. विकावी, दान करावी, मृत्युपत्राने द्यावी.

या निर्णयांतून मुंबईपुरते एक सूत्र तयार झाले. कुळात जन्मलेली स्त्री, म्हणजे कन्या किंवा बहीण, पूर्ण मालकीने घेते. विवाहाने कुळात आलेली स्त्री, म्हणजे विधवा, आई किंवा आजी, हयातीपुरते घेते. विधवेच्या हाती मिळकत असली तरी कायदेशीर गरजेशिवाय ती विकू शकत नसे आणि तिच्यानंतर मिळकत पतीच्या तेव्हा हयात असलेल्या वारसांकडे जाई. त्यातही तिने पुनर्विवाह केला तर १८५६ च्या विधवाविवाह अधिनियमाच्या दुसऱ्या कलमान्वये पूर्वपतीची मिळकत तिच्या हातून सुटे. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, ज्यांना त्या अधिनियमाची मुळी गरजच नव्हती, त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात हाच नियम लावला. अलाहाबादच्या न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली होती. उच्चवर्णीय विधवांच्या हितासाठी केलेल्या कायद्याची झळ मराठा-कुणब्यांच्या विधवांना लागली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आता १८८६ कडे पुन्हा वळावे. पूर्णपीठ ज्या वर्षी कन्येस पूर्ण मालकी देत होते, त्याच वर्षी मुंबई सरकारने १८७४ च्या वतन कायद्यास जोड देणारा पाचवा अधिनियम केला. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून कुळातील प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीमार्फत हक्क सांगणारा प्रत्येक जण, वतनाच्या वारसाक्रमात पात्र पुरुषांच्या मागे ढकलला गेला. सरकारचा हेतू महसुली होता. गावची चाकरी करणारा माणूस घरातलाच असावा आणि वतनाची जमीन परक्या कुळात जाऊ नये, एवढेच त्याला पाहिजे होते. परिणाम मात्र असा झाला की, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांत सर्वांत मोलाची जी मिळकत, तिच्यापुरता भागीरथीबाईचा निर्णय निरुपयोगी ठरला. उरलेल्या एकत्र कुटुंबांत उत्तरजीवित्वाचे तत्त्व होतेच. म्हणजे मुंबईचे बहुचर्चित औदार्य कामी येण्यासाठी मृत पुरुष विभक्त असावा, त्यास पुत्र-पौत्र-प्रपौत्र नसावेत, त्याची विधवा आधीच वारलेली असावी आणि मिळकत वतनी नसावी, इतक्या अटी जुळून यावयास हव्या होत्या. त्या जुळल्या म्हणजे मात्र कन्येस दुसऱ्या कोणत्याही प्रांतातील कन्येपेक्षा अधिक मिळे.

१९३७ ते १९५६

मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्कांचा अधिनियम संमत झाला. त्याने विधवेला पुत्राबरोबर पुत्राइतका हिस्सा दिला आणि एकत्र कुटुंबातही पतीचा हिस्सा तिच्याकडे आणला. उत्तरजीवित्वाच्या भिंतीला पडलेली ही पहिली खिंड होय. पण हा हिस्सा हयातीपुरताच होता, कन्येचा त्यात समावेश नव्हता आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचा अधिकार शेतजमिनीवर चालत नाही असे फेडरल न्यायालयाने १९४१ मध्ये सांगितल्यामुळे, प्रांतिक कायद्याची पुरवणी होईपर्यंत तो शहरी घरे व रोकड यांपुरताच उरला.

बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखालील हिंदू कायदा समिती १९४१ मध्ये नेमली गेली आणि १९४४ मध्ये पुनरुज्जीवित झाली. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे तिचे एक सदस्य होते. समितीच्या मसुद्यात कन्येस पुत्राच्या निम्मा हिस्सा होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवर समितीने तो पुत्राइतका केला. जन्मसिद्ध हक्काचे एकत्र कुटुंब रद्द करण्याची तरतूदही त्या विधेयकात होती. विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात कन्या पुत्राबरोबर पहिल्या वर्गाची वारस झाली, आणि चौदाव्या कलमाने स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण मालकीत बदलली. एकत्र कुटुंब मात्र राखले गेले.

प्रारंभी दिलेल्या प्रकरणाची गाठ येथे सुटते. १९५२ मध्ये मिळकत विधवेकडे आली ती हयातीपुरती. ती विधवा १६ जून १९५६ पर्यंत वारली असती, तर मुंबईच्या जुन्या नियमाप्रमाणे मिळकत पतीच्या वारसांकडे, म्हणजे त्याच्या दोन्ही हयात मुलींकडे, समान आणि पूर्ण मालकीने गेली असती. ती हयात राहिली, चौदाव्या कलमाने पूर्ण मालकीण झाली आणि तिला आपल्या मुलीपुरते मृत्युपत्र करता आले. विधवेच्या मुक्तीसाठी केलेले कलम सवतीच्या मुलीस भोवले. यात कायद्याचा दोष दाखविणे सोपे आहे. पण चौदावे कलम नसते तर लक्षावधी विधवा आयुष्यभर राखणदार म्हणूनच राहिल्या असत्या, हेही विसरता येत नाही.

एकत्र कुटुंब राखल्याचा हिशेब कसा होई, हे १९७८ मधील गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात स्वच्छ दिसते. पिता १९६० मध्ये विनामृत्युपत्र वारला. मागे पत्नी, दोन पुत्र आणि तीन कन्या. सहाव्या कलमाप्रमाणे मृत्यूपूर्वी काल्पनिक वाटणी झाली असे मानावयाचे. त्या वाटणीत पिता, पत्नी आणि दोन पुत्र यांना प्रत्येकी १/४. पित्याचा १/४ मग सहा वारसांत विभागला जाऊन प्रत्येकास १/२४. अर्थात पत्नीस ७/२४, प्रत्येक पुत्रास ७/२४ आणि प्रत्येक कन्येस १/२४. पहिल्या वर्गात पुत्राच्या बरोबरीने नाव लागलेल्या कन्येच्या हाती पुत्राच्या एकसप्तमांश मिळकत आली. विधवेचा वाटणीतील हिस्सा खराच धरावा, हे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचे प्रतिपादन त्या काळी पुरोगामी ठरले आणि ते योग्यही होते; कन्येच्या बाजूने पाहिले तर आकडे स्वतःच बोलतात.

१९९४ नंतर

केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबच रद्द केले. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूने कन्येस सहदायाद केले. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून अमलात आली. तिच्यात त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या कन्येस वगळण्यात आले. एकाच घरातील थोरली १९९३ मध्ये आणि धाकटी १९९५ मध्ये सासरी गेली, तर वडिलोपार्जित मिळकतीत धाकटी सहदायाद आणि थोरली नाही, अशी स्थिती झाली. जन्मलेल्या कुळाशी स्त्रीचा संबंध विवाहाने तुटत नाही, हे जे नीळकंठाने बहिणीच्या बाबतीत मानले होते, ते विसाव्या शतकाच्या शेवटी विधिमंडळास मानवले नाही.

९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट गेली. वरील मगदूम कुटुंबाचा हिशेब नव्या नियमाने केल्यास सात सहभागीदारांत १/७ आणि पित्याच्या हिश्श्यातून १/४२ असे मिळून पत्नी, पुत्र आणि कन्या या साऱ्यांस प्रत्येकी १/६ येतो. या दुरुस्तीलाही तारखेची झालर लागलीच. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात पिता त्या दिवशी हयात असला पाहिजे असे ठरविले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ती अट काढली गेली, कारण सहदायादाचा हक्क जन्माने येतो, पित्याच्या मरणाने नव्हे. २०२२ मध्ये अरुणाचल गौंडर प्रकरणात याच न्यायालयाने १९४९ मध्ये वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर एकुलत्या कन्येचा हक्क जुन्या शास्त्राच्या आधारेच मान्य केला. तेथे विधवा आड येत नव्हती, आणि विभक्त पित्याची मिळकत हा कन्येच्या जुन्या हक्काचा मूळ प्रांतच होता. २०२२ आणि २०२४ चे निर्णय एकमेकांविरुद्ध आहेत असे वाटते ते या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

शेजारच्या गोव्यात हा सारा झगडा झालाच नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत पुत्र-कन्या भेद नव्हता आणि मिळकतीचा निम्मा भाग वारसांसाठी राखीव असे. मृत्युपत्र करूनही मुलीस सहसा डावलता येत नसे. तेथील २०१२ च्या उत्तराधिकार अधिनियमाने हे तत्त्व कायम ठेवले आहे. महाराष्ट्रात स्वकष्टार्जित मिळकतीपुरते मृत्युपत्र हे कन्येस वगळण्याचे सर्वांत सोपे साधन ठरते.

वारसाची प्रत्यक्ष घटना आजही न्यायालयात क्वचित घडते. ती तलाठ्याच्या दप्तरात घडते. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. खातेदार मरण पावला की गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार पडतो आणि मग सातबारा बदलतो. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून ‘ए.कु.क.’ या तीन अक्षरांसह लागलेले दिसते आणि बहिणींची नावे कब्जेदार सदरी न येता इतर हक्कांच्या रकान्यात जातात, किंवा जातच नाहीत. कायद्याने हा रकाना मालकी ठरवीत नाही, पण गावात कर्ज, विक्री आणि भूसंपादनाची नोटीस या तिन्ही गोष्टी कब्जेदार सदरावरच चालतात. बहिणीचे नाव लागलेच तर बहुधा पाठोपाठ हक्कसोडपत्र येते. भावाच्या लाभात केलेल्या या दस्तास नाममात्र मुद्रांक लागतो. मोबदल्याच्या जागी ‘बंधुप्रेमापोटी’ असा शब्द असतो, आणि दिवाळीची ओवाळणी व माहेरची वाट बंद होण्याची धास्ती या दोन्ही गोष्टी दस्तात न लिहिताही सही घेताना हजर असतात.

वारस दाखल्यासाठी महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत आजही जो अर्ज होतो, तो १८२७ च्या आठव्या विनियमाखाली. एल्फिन्स्टनच्या काळातील बहुतेक विनियम केव्हाच रद्द झाले. हा एक टिकून आहे. या दाखल्याने कोणाचा हिस्सा किती हे ठरत नाही, वारस म्हणून औपचारिक मान्यता तेवढी मिळते. त्या यादीत आता मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने येतात.